थेंब डोळ्यात, हिशेब संगणकात

डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की आपले काम संपले असे आपण समजतो. थेंबाचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते. त्यातला किती आत जातो, किती वाहून जातो आणि वाहून गेलेला कुठे पोहोचतो, याचा हिशेब आता संगणकावर मांडतात. प्रत्येक घराने समजून घ्यावा असा हा हिशेब आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे इंदूरला हिवाळ्याच्या दिवसांत माझे सासरे अण्णा रात्री अकराच्या सुमारास अंथरुणात उठून बसू लागले. छातीत घरघर, बोलताना दम लागणे. दमा त्यांना तरुणपणापासून आहे, पण गेली दहा-बारा वर्षे तो चांगला आटोक्यात होता. थंडीमुळे होत असेल, घरात रंगकाम झाले त्याचा वास बाधला असेल, असे आमचे तर्क चालले होते. सासूबाईंनी आले-तुळशीचा काढा सुरू केला. पण घरघर काही कमी होईना.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासले, जुने कागद पाहिले आणि एकदम विचारले, ‘‘अण्णा, डोळ्यांत काही औषध घालता का?’’

अण्णा जरा चिडूनच म्हणाले, ‘‘डॉक्टर, मी दम्यासाठी आलोय. डोळ्यांचे डॉक्टर वेगळे आहेत.’’

मी पर्समधून बाटली काढून दिली. अण्णांना काचबिंदू असल्याचे चार महिन्यांपूर्वीच कळले होते आणि त्यासाठी टिमोलॉलचे थेंब सकाळ-संध्याकाळ सुरू होते. ‘एक थेंब गालावर ओघळतो’ म्हणून अण्णा स्वतःच्या अकलेने प्रत्येक डोळ्यात दोन-दोन थेंब घालत. डॉक्टरांनी बाटली वाचली आणि विचारले, ‘‘दमा आहे, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितले होते?’’

अण्णा गप्प झाले. सांगितले नव्हते. डोळ्याचा आणि छातीचा संबंध काय, असे त्यांना वाटले होते. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले असते.

हा संबंध समजून घेताना मला एका वेगळ्याच शास्त्राची ओळख झाली. डोळ्यात गेलेल्या औषधाचा प्रवास गणिताने आणि संगणकाने शोधून काढण्याचे हे शास्त्र आहे.

सात भांड्यात चाळीस ओतले तर?

आधी थेंबाचेच माप पाहू. एक मिलिलिटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाला मायक्रोलिटर म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. आपल्या डोळ्यावर एरवी अश्रूंचा जो पातळ थर असतो, तो मात्र जेमतेम ७ मायक्रोलिटरचा. पापणी खाली ओढून धरली तरी डोळ्यात फार तर ३० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे थेंब पडताक्षणीच त्यातला काही भाग गालावर ओघळणार, हे ठरलेलेच आहे. दुसरा थेंब घातला तर तो जवळजवळ सगळाच वाया जातो आणि जाताना पहिल्यालाही बरोबर नेतो.

जे उरते तेही थांबत नाही. आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा पापण्यांची उघडझाप करतो. प्रत्येक उघडझापेबरोबर डोळ्यातले पाणी नाकाच्या बाजूच्या कोपऱ्याकडे ढकलले जाते. तिथे दोन्ही पापण्यांच्या कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. त्यातून ते पाणी एका बारीक नळीने नाकात उतरते. रडताना नाक का वाहते, याचे कारण हीच नळी. डोळ्यात औषध घातल्यावर थोड्या वेळाने घशात कडू चव येते, ती याच वाटेने.

आणि इथेच अण्णांच्या घरघरीचे उत्तर सापडते. नाकाच्या आतल्या पातळ त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. तिथून औषध थेट रक्तात शिरते. गोळी गिळली तर औषध आधी यकृतातून जाते आणि तिथे त्याचा काही भाग निकामी होतो. नाकाच्या वाटेने गेलेल्या औषधाला हा जकातनाका लागत नाही. टिमोलॉलच्या ०.५ टक्के थेंबात प्रत्येक मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असते. चाळीस मायक्रोलिटरच्या एका थेंबात ०.२ मिलिग्रॅम. अण्णा दोन डोळ्यांत, दोन वेळा, दोन-दोन थेंब घालत होते, म्हणजे दिवसाला आठ थेंब, १.६ मिलिग्रॅम. आकडा लहान दिसतो, पण हे औषध श्वासनलिका आवळते आणि नाडी मंद करते. दम्याच्या माणसाला तेवढे पुरते. म्हणूनच दमा असलेल्यांना ते देत नाहीत.

मग डोळ्याच्या आत किती जाते? साधारणपणे शंभरातले एक ते पाच भाग. बाकीचे पंचाण्णव-नव्याण्णव भाग बाहेर, गालावर, नाकात आणि रक्तात.

शाळेतला हौद आणि नळ

आपण सर्वांनी शाळेत हौदाची गणिते सोडवली आहेत. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, दोन्ही एकदम सोडले तर हौद केव्हा भरेल? तेव्हा वैताग यायचा आणि हौदाच्या तळाचा नळ कोणी बंद का करत नाही, असे वाटायचे. डोळ्यातल्या औषधाचे संगणकीय मॉडेल म्हणजे मुळात हेच गणित आहे. फक्त इथे हौद एक नसून बरेच आहेत.

पहिला हौद अश्रूंचा. त्यातून एक मोठा नळ नाकाकडे जातो आणि एक अगदी बारीक नळ पारपटलाकडे. पारपटल म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच, जिला डॉक्टर कॉर्निआ म्हणतात. तिची जाडी अवघी अर्धा मिलिमीटर, पण ओलांडायला महाकठीण. तिचा बाहेरचा थर तेलकट स्वभावाचा आणि मधला थर पाणीदार. जे औषध फक्त पाण्यात विरघळते ते बाहेरच्या थरावर अडते, जे फक्त तेलात विरघळते ते मधल्या थरात अडखळते. दोन्हीकडे जमवून घेणारे औषधच पार होते.

तिसरा हौद नेत्रजलाचा. पारपटलाच्या मागे हे पाणी असते, सुमारे २५० मायक्रोलिटर. डोळा मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर नवे पाणी तयार करतो आणि तेवढेच जुने बाहेर सोडतो. याचा हिशेब घरी करून पाहा. २५० मधले अडीच म्हणजे मिनिटाला एक टक्का. चक्रवाढ व्याज जसे वाढत जाते, तसे हे उलटे घटत जाते. पहिल्या मिनिटाला शंभराचे नव्याण्णव, मग नव्याण्णवचा एक टक्का कमी, असे करत गेलात तर सुमारे सत्तर मिनिटांत औषध निम्मे होते. प्रत्यक्षात ते याहून लवकर संपते, कारण त्यातले काही जवळच्या रक्तवाहिन्याही उचलून नेतात.

पुढे भिंगाचा हौद, बुबुळाच्या रंगीत पडद्याचा हौद, भिंगामागच्या काचेसारख्या गराचा हौद आणि शेवटी दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा, ज्यावर चित्र उमटते. प्रत्येक हौदात किती आले, किती गेले, याचे एकेक समीकरण मांडायचे आणि ही सगळी समीकरणे एकाच वेळी सोडवायची. कागदावर हे काम जिकिरीचे, संगणकाला क्षणाचे. तो सेकंदासेकंदाला प्रत्येक हौदाची पातळी काढतो आणि औषधाचा चढउतार रेषेने काढून दाखवतो.

अशा प्रकारचे एक आरंभीचे मॉडेल १९७८ साली अमेरिकेतील हिमेलस्टाईन, गुवेनिर आणि पॅटन या तिघांनी प्रसिद्ध केले. औषध होते पायलोकार्पिन, दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपाच्या पानांतून मिळणारे, काचबिंदूवरचे एक जुने औषध. त्याच्या एकच वर्ष आधी, १९७७ मध्ये, पॅटन यांनी दाखवले होते की थेंब लहान केला तर त्यातला अधिक हिस्सा उपयोगी पडतो. मोठा थेंब म्हणजे मोठा परिणाम, हा समज त्यांनी आकड्यांनी मोडीत काढला. अण्णांनी हे वाचले असते तर!

काकांचा नियम, पुतण्याची काच

या सगळ्या गणिताच्या मुळाशी एक जुना नियम आहे. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो आपोआप पसरतो, दाट जागेकडून विरळ जागेकडे. किती वेगाने पसरतो, याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८५५ साली मांडला. संगणक आजही पारपटलातून औषध किती पार होईल ते याच नियमाने काढतो.

गंमत अशी की याच फिक यांचा पुतण्या, अडॉल्फ ऑयगेन फिक, डोळ्यांचा डॉक्टर झाला. त्याने १८८८ साली डोळ्यावर बसवायच्या काचेचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या कॉन्टॅक्ट लेन्सची ती पणजी. काकांचा नियम आणि पुतण्याची काच यांची खरी भेट मात्र फार उशिरा झाली. २०२२ मध्ये अमेरिकेत अशा कॉन्टॅक्ट लेन्सला मान्यता मिळाली, जिच्यात ॲलर्जीच्या खाजेवरचे केटोटिफेन हे औषध भरलेले असते. लेन्समधून औषध हळूहळू अश्रूंत पसरते. थेंब नाही, ओघळ नाही.

रांगोळीच्या ठिपक्यांसारखा डोळा

हौदाच्या हिशेबात एक उणीव आहे. हौदात औषध सगळीकडे सारखेच मिसळले आहे, असे तो धरून चालतो. डोळ्याच्या पुढच्या भागात ते चालते. मागच्या भागात सुमारे चार मिलिलिटर घट्टसर गर असतो, त्यात नव्याण्णव टक्के पाणी असले तरी तो जेलीसारखा असतो. तिथे औषध एका बाजूला टोचले तर दुसऱ्या बाजूला पोहोचायला वेळ लागतो.

यासाठी शास्त्रज्ञ डोळ्याचे चित्र हजारो लहान तुकड्यांत विभागतात. ठिपक्यांच्या रांगोळीत आपण आधी ठिपके मांडतो आणि मग शेजारच्या ठिपक्याला ठिपका जोडत जातो, तसेच. प्रत्येक तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात किती औषध सरकले, ते संगणक मोजतो. कॅनडातील टोरोंटोच्या फ्रीड्रिख, चेंग आणि सॅव्हिल या संशोधकांनी १९९७ मध्ये आधी सशाच्या आणि मग माणसाच्या डोळ्यासाठी असे मॉडेल केले. औषध तेच, मात्रा तीच, पण सुई कुठे टोचली आणि औषध कुठे सोडले, त्यानुसार काही काळाने उरणाऱ्या औषधात कित्येक पटींचा फरक पडतो, असे त्यांच्या आकड्यांनी दाखवले.

हा प्रश्न आज फार घरांशी जोडलेला आहे. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसून आले. मधुमेहात किंवा म्हातारपणात दृष्टिपटलाला सूज येते, नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. तिथपर्यंत थेंब पोहोचत नाही. म्हणून डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रॅनिबिझुमॅबसारखी औषधे अशीच देतात. अगदी थोडे, ०.०५ मिलिलिटर.

पण पुन्हा पुन्हा का टोचायचे? एकदाच दुप्पट देऊन टाकले तर? रुग्णाच्या घरचे हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. डोळ्यातले हे औषध सुमारे एक ते दीड आठवड्यात निम्मे होते. सोयीसाठी नऊ दिवस धरू. नवव्या दिवशी निम्मे, अठराव्या दिवशी पाव, सत्ताविसाव्या दिवशी एक अष्टमांश. आता मात्रा दुप्पट केली तर काय होईल? नवव्या दिवशी ती मूळ मात्रेइतकी उरेल आणि पुढचा प्रवास तसाच. म्हणजे दुप्पट औषधाने मिळाले किती, तर फक्त नऊ दिवस! चौपट केली तर अठरा. २०२३ मध्ये अमेरिकेत अफ्लिबरसेप्ट या औषधाच्या २ मिलिग्रॅमऐवजी ८ मिलिग्रॅमच्या, म्हणजे चौपट मात्रेला मान्यता मिळाली, तेव्हा दोन इंजेक्शनांमधले अंतर वाढले, पण ते चौपट झाले नाही. मात्रा वाढवण्यापेक्षा औषध हळूहळू सोडणारी डबी डोळ्यात बसवावी, या विचाराकडे शास्त्रज्ञ वळले ते याच गणितामुळे. त्याची सुरुवात तशी जुनीच आहे. पापणीखाली ठेवायची, आठवडाभर पायलोकार्पिन झिरपवणारी चकती अमेरिकेत १९७४ सालीच निघाली होती.

ससा, माणूस आणि काळे डोळे

इतका खटाटोप करण्यापेक्षा डोळ्यातले पाणी काढून औषध मोजत का नाहीत? रक्त हवे तेव्हा दंडातून काढता येते. डोळ्यात सगळे मिळून पाव मिलिलिटर पाणी, ते काढायचे तर पारपटलाला छिद्र पाडावे लागते. माणसाच्या बाबतीत एकच संधी असते, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. त्या वेळी डोळा उघडावाच लागतो. रुग्णाने संमती दिली तर आधी थेंब घालून तेव्हा थोडे पाणी काढून घेतात. पण एका रुग्णाकडून एकदाच. औषधाचा पूर्ण चढउतार कळायला वेगवेगळ्या वेळी पाणी दिलेले कितीतरी रुग्ण जमवावे लागतात.

म्हणून वर्षानुवर्षे हे प्रयोग सशांवर झाले. दर तासाचा आकडा हवा तर दर तासाला काही ससे बळी द्यायचे. आणि ससा म्हणजे माणूस नव्हे. ससा कित्येक मिनिटे पापणी मिटतच नाही, त्यामुळे त्याच्या डोळ्यात थेंब जास्त वेळ टिकतो. त्याच्या डोळ्यातला गर दीड मिलिलिटरच्या आसपास, आपला चार. सशाचा आकडा जसाच्या तसा माणसाला लावला तर चूक होणार. इथे संगणक दुभाष्याचे काम करतो. आधी सशाच्या मापांवर मॉडेल बसवायचे, ते प्रयोगाशी जुळते का ते पाहायचे, मग त्याच मॉडेलमध्ये माणसाची मापे घालायची. फिनलंडमधील आर्तो उर्ट्टी यांच्या गटाने पूर्वी झालेल्या सशांवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून, औषधाच्या रेणूच्या गुणांवरूनच ते डोळ्यात किती टिकेल याचा अंदाज बांधण्याचे काम केले. असे अंदाज जितके पक्के होतील, तितके नवे ससे कमी लागतील.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आणखी एक गोष्ट म्हणजे डोळ्याचा रंग. प्रयोगशाळेतले ससे बहुधा पांढरे, लाल डोळ्यांचे असतात. त्यांच्या डोळ्यात रंगद्रव्य नसते. आपले डोळे काळे-तपकिरी. हे रंगद्रव्य काही औषधांना धरून ठेवते आणि सावकाश सोडते. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घालून आपण बाकावर बसतो, पुन्हा थेंब, पुन्हा बाक. गडद डोळ्यांत या थेंबांचा परिणाम उशिरा होतो तो या रंगामुळेच. पांढऱ्या सशावर बेतलेल्या मॉडेलमध्ये हा हौद घातला नाही, तर आपल्या डोळ्यांबाबतचे उत्तर चुकू शकते.

स्वस्त औषधाचा रस्ता

या शास्त्राशी औषधाच्या किमतीचाही संबंध आहे. मूळ कंपनीचे पेटंट संपले की दुसऱ्या कंपन्या तेच औषध स्वस्तात बनवतात. भारत अशा औषधांसाठी जगभर ओळखला जातो. मदुराईच्या अरविंद नेत्रालयाशी संबंधित ऑरोलॅब ही संस्था १९९२ पासून परवडणारी नेत्रसामग्री बनवते. पण नवी बाटली जुनीच्याच तोडीची आहे, हे सिद्ध कसे करायचे? गोळी असेल तर रक्त तपासून कळते. डोळ्याच्या थेंबाचे काम डोळ्यातच होते, रक्तातला आकडा तिथे उपयोगी नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोळ्यांच्या औषधांची संगणकीय मॉडेल तयार करण्याच्या संशोधनाला पैसा पुरवला आहे. थेंबाचा घट्टपणा किंवा त्यातल्या कणांचा आकार थोडा बदलला तर डोळ्याच्या आत किती फरक पडेल, हे अशा मॉडेलवर आधी पाहता येते.

मात्र संगणकाला सर्वज्ञ समजायचे कारण नाही. त्याला दिलेली मापे चुकीची तर त्याचे उत्तरही चुकीचे. सुजलेल्या डोळ्यात रक्त आणि डोळा यांच्यामधल्या भिंती सैल पडतात, तेव्हा निरोगी डोळ्याचा हिशेब लागू पडत नाही. म्हणून शेवटचा निकाल अजूनही प्रत्यक्ष रुग्णावरच्या चाचणीनेच लागतो. आणि एक गोष्ट तर कुठल्याच संगणकाला आपणहून कळत नाही. ती म्हणजे घरात बाटलीचे काय होते.

अण्णांची बंद बाटली

छातीच्या डॉक्टरांनी त्या दिवशी चिठ्ठी लिहून दिली होती आणि बजावले होते, ‘‘उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते औषध बदलून देतील.’’ अण्णांनी त्यातले अर्धेच ऐकले. थेंब बंद केले, आठवड्याभरात घरघर थांबली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे राहून गेले. आज पाहुणे, उद्या बँक, परवा थंडी. मी विचारले की ‘‘जाऊन आलो’’ म्हणत. तीन महिन्यांनी कपाट आवरताना मला ती चिठ्ठी घडी न मोडलेली सापडली, शेजारी अर्धी भरलेली बाटली.

त्याच दिवशी त्यांना घेऊन गेले. डोळ्याचा दाब चांगलाच वाढला होता आणि डाव्या डोळ्याच्या कडेची थोडी नजर गेली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. अण्णांना यातले काहीच जाणवले नव्हते. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे नीट दिसते. या आजाराची हीच तर फसवणूक आहे. चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख भारतीयांना काचबिंदू असल्याचा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचे ठाऊकच नसते.

घरी येताना अण्णा रिक्षात एवढेच म्हणाले, ‘‘सूनबाई, तुला खोटं सांगायला नको होतं.’’ मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी मीही त्यांच्याबरोबर तपासणीच्या खोलीत गेले आणि दम्यापासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी दमेकऱ्यांना चालणारे, रोज रात्री एकदाच घालायचे दुसऱ्या जातीचे औषध दिले. आता दाब आटोक्यात आहे आणि छातीही.

रात्री नऊला आमच्याकडे एक छोटा कार्यक्रम असतो. अण्णा एकच थेंब घालतात, डोळे मिटतात आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून बसतात. माझा मुलगा घड्याळ लावून पाच मिनिटे मोजतो. १९८४ साली अमेरिकेत थॉम झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की पाच मिनिटे डोळा मिटला किंवा हा कोपरा दाबला, तर रक्तात जाणारे औषध साठ टक्क्यांहून अधिक घटते. शाळेतल्या हौदाचा तळाचा नळ बंद करता येत नव्हता. डोळ्यातला मात्र एका बोटाने बराचसा बंद होतो. मुलाला हे फार आवडले आहे. ‘‘आजोबा, नळ सोडू नका, अजून एक मिनिट आहे,’’ असे तो दरडावून सांगतो, आणि आयुष्यभर कोणाचे न ऐकलेले अण्णा मुकाट्याने बोट दाबून धरतात.

डोळ्यात औषध घालताना

• हात साबणाने धुवा. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका.

• खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब घाला. तो नीट डोळ्यात पडला असेल तर दुसऱ्याची गरज नाही.

• डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा तीन ते पाच मिनिटे दाबून धरा. डोळे घट्ट आवळू नका, उघडझाप करू नका.

• दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्या. मलम असेल तर ते शेवटी.

• दुधाळ दिसणारे औषध असेल तर वापरण्यापूर्वी बाटली नीट हलवा.

• बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. मुदत वेष्टनावर असते. बहुतेक औषधे उघडल्यानंतर महिनाभरच वापरायची असतात.

• दमा, हृदयविकार, मंद नाडी, गर्भारपण, चालू असलेल्या गोळ्या, सगळे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. आणि इतर डॉक्टरांना औषधांची यादी देताना डोळ्यांच्या थेंबांचे नाव विसरू नका.

• थेंबाने त्रास झाला तर लगेच डॉक्टरांना कळवा, पण काचबिंदूचे औषध आपल्या मनाने बंद करून बसू नका.

• चाळिशी ओलांडली की, आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर त्याआधीही, डोळ्यांचा दाब व मागची नस तपासून घ्या.